धान्यातल्या टिकड्या

लहान पोर रडतं तेव्हा त्याला काहीतरी कारण असतं. भूक असते, झोप असते, पोटात कळ असते, नाहीतर मेली एखादी मुंगी दुपट्यात शिरलेली असते. पण अक्षताच्या रडण्याला कारणच सापडत नव्हतं, आणि तिची आई, माया, रोज ते शोधत होती. वर्षाची होत आलेली पोर. संक्रांतीच्या सुमाराला भिंतीला धरून उभी राहायची, आजीच्या पदराला लोंबकळायची, टाळ्या पिटायची. आता पायावर उभी केली की लगेच खाली बसायची. दारातून उजेड आला की डोळे गच्च मिटून तोंड फिरवायची. अंगाला सतत घाम. आणि हात! तळहात, तळपाय असे लालबुंद, जणू आत्ताच कुणी कढत पाण्यात बुडवून काढलेत. बोटांच्या टोकांची सालपटं निघायला लागली होती.

गावातल्या डॉक्टरांनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं. "दात येतायत. त्यात हा उन्हाळा. घामोळं आहे," असं म्हणून त्यांनी एक गोड औषध लिहून दिलं. उंब्रजच्या उन्हाळ्यात घामोळं कुणाला येत नाही हो? पण तळहाताला घामोळं आलेलं कुणी बघितलंय का? माया हे मनात म्हणायची आणि औषधाचा चमचा पोरीच्या तोंडाला लावायची. पोर तो थुंकून टाकायची.

माया रस्त्याकडेच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. नवरा, महेंद्र, सांगलीला बँकेत. तो शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. म्हणून बाळंतपण झाल्यावर माया कराडची भाड्याची खोली सोडून आईकडं वस्तीतच राहायला आली होती. दिवसभर पोर आजीजवळ. अंजनाबाईंसारखी आजी शोधून सापडली नसती. नातीला खाली ठेवायची नाही. भाकरी थापायची ती पोर मांडीवर घेऊन, धान्य निवडायची ती पोर मांडीवर घेऊन.

शेजारची हरणाबाई सारखी म्हणायची, "अंजनाबाई, म्हसवडला न्ह्या तिला, सिद्धनाथाच्या पायावर घाला. बाहेरचं कायतरी लागलंय."

"आमी धम्म घेतलेली मानसं," अंजनाबाई फटकारायच्या. "अंगारा-धुपारा आमच्या उंबऱ्याच्या भायेर."

असं त्या ठसक्यात म्हणायच्या खऱ्या, पण हरणाबाई गेली की नातीचे लाल हात आपल्या हातात घेऊन गप बसून राहायच्या. मायाला ते दिसायचं. आईसुद्धा घाबरली म्हणजे काहीतरी भलतंच आहे, असं तिला वाटायचं.

त्यातच कॉलेजात एक काम तिच्या गळ्यात पडलं होतं. त्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, विद्यापीठानं ठरवलं की प्रत्येक कॉलेजनं आपापल्या प्रयोगशाळांचा आजूबाजूला काय परिणाम होतो ते तपासायचं. मोरीतून काय वाहून जातं, मातीत काय मुरतं, हवेत काय मिसळतं, सगळं. एक दिवस विद्यापीठात बोलावून माहितीही दिली. असली कामं कुणाकडं येतात? सगळ्यात धाकट्याकडं. विभागप्रमुख लालासाहेब सरांनी तर पहिल्याच दिवशी हात वर केले.

"अहो मॅडम, आपण काय कारखाना चालवतो का? दोन बादल्या पाणी आणि चिमूटभर मीठ. 'परिणाम नाही' असं लिहा आणि मोकळ्या व्हा."

पण माया तशी मोकळी होणारी बाई नव्हती. तिनं मागच्या ओढ्याचं पाणी तपासलं. भिंतीलगतची माती उकरून तपासली. गवत कुठं जळलंय ते बघितलं. आम्ल जात होतं, पण थोडं, आणि पुढं पाण्यात विरून जात होतं. राहिला होता पारा. हवेचा दाब मोजायच्या नळ्यांत पारा, थर्मामीटरात पारा, आणि पोरं तर काय, दर वर्षी ढीगभर थर्मामीटर फोडतात. दर वर्षी नवा पारा यायचा आणि दर वर्षी संपायचा. संपायचा म्हणजे जायचा कुठं? जड वस्तू. मोरीतून गेला तरी भिंतीबाहेरच्या चेंबरच्या तळाशी बसणार. तिथून झिरपून ओढ्यात गेला, तर खालच्या वस्तीची जनावरं तेच पाणी पितात.

शनिवार होता. परीक्षा आटोपल्या होत्या, प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ज्ञानूनं पहारीनं चेंबरवरची फरशी उचलली, आणि माया पदर खोचून वाकून बघायला लागली. आत डबकंभर चकाकणारा पारा दिसेल ह्या भीतीनं तिनं आधी डोळेच बारीक केले.

आत वाळू होती. काचांचे तुकडे होते, काडेपेटीच्या काड्या होत्या, कुणाचं तरी पेनाचं टोपण होतं. तिनं पळीनं तळ खरवडून खरवडून बघितला. पाऱ्याचा एक थेंब नाही.

"ज्ञानू, मला वाटलं होतं वाटीभर तरी निघेल."

"न्हाई वो मॅडम. आमी तसं पडू देतोय व्हय?" ज्ञानू खूश होऊन म्हणाला.

मायाचा जीव भांड्यात पडला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला जरा हसू आलं. आणि शिकवणाऱ्या माणसाला हसू आलं की तो लगेच शिकवायला लागतो, तसं तिचंही झालं.

"नशीब आपलं. पारा फार वाईट, ज्ञानू. सांडलेला डोळ्यांना दिसतो तरी. पण त्याला ऊब लागली की त्याची वाफ होते. ती दिसत नाही, तिला वास नाही, घशात खवखवत नाही. माणूस आपला श्वास घेत बसतो. बंद घर असलं तर विचारूच नकोस. आणि लहान पोरांना तर आधी धरते. विद्यापीठात त्या दिवशी एक म्हातारे सर सांगत होते, काचेच्या नळ्या बनवणाऱ्या एका माणसाच्या घरातलं बाळ. आधी त्याचं खाणं सुटलं. मग घाम यायला लागला. मग उजेड सोसेना. आणि हात-पाय लाल होऊन सालं..."

माया बोलायची थांबली.

डोक्यात काहीतरी लख्खकन झालं आणि तिनं ते लगेच झटकून टाकलं. आपल्या घरात कुठून येणार पारा? आपण रोज हात धुऊन, साडी बदलून पोरीला घेतो. नाही. तसं काही नाही. घामोळंच ते.

"तापवल्यावर म्हंताय व्हय?" ज्ञानू फरशीवर टेकत म्हणाला. "मग मावशी दार लावून करत्यात त्ये बरं न्हाई म्हनायचं."

"कोण मावशी?"

"आवं, तुमची आई. अंजनामावशी." ज्ञानूला मायाच्या चेहऱ्याचा अर्थ लागेना. "चेंबर साफ केलं की मी पारा फडक्यातनं गाळतो, शाईच्या बाटलीत भरतो आन् मावशीला न्हेऊन देतो. दोन वरसं झाली की. वाया कशाला घालवायचा? मावशी त्याच्या टिकड्या करत्यात. आमच्या ज्वारीत त्याच हायत, लालासाहेब सरांच्या गव्हात त्याच हायत. किडा म्हनून लागत न्हाई. तुमाला ठावं न्हाई व्हय? मला वाटलं तुमीच सांगितलंय. परवाच तर मोठी बाटली दिली. सुगी हाय न्हवं."

आता ह्या टिकड्या म्हणजे काय ते त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. वर्षाची ज्वारी कोठीत भरताना थरावर थर देतात, आणि मधूनमधून पाऱ्याच्या टिकड्या टाकतात. मायाच्या लहानपणी त्या म्हसवडच्या यात्रेतून यायच्या, इवल्याशा. पुढं आई घरीच करायला लागली. राख, पांढरी माती आणि पारा पाट्यावर घोटायचा, चपट्या टिकड्या थापायच्या आणि तव्यावर मंद आचेवर वाळवायच्या. आई सांडगे करते हे जसं मायाला माहीत होतं, तसंच आई टिकड्या करते हेही माहीत होतं. माया कॉलेजात असताना आई त्या करायची, माया घरी आल्यावर सगळं झाकून ठेवलेलं असायचं. पारा कुठून येतो, हे एम. एस्सी. झालेल्या ह्या बाईनं आईला एकदाही विचारलं नव्हतं. सांडग्यांची डाळ कुठून येते हे कुणी विचारतं का? आणि तवा! तव्याकडं तर तिचं लक्षही गेलं नव्हतं.

सकाळी निघताना आई म्हणाली होती, "आज लय काम हाय माये, हरणाबाईची ज्वारी भरायची हाय."

माया उठली आणि पळत सुटली. पर्स प्रयोगशाळेत, चष्म्याचं घर चेंबरशेजारी, कशाचं भान नाही. हायवेवर उसाच्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला आणि ड्रायव्हरनं आईबहिणीवरून शिव्या घातल्या, त्या तिच्या कानातही शिरल्या नाहीत. पाय पुढं पडत होते आणि रस्ता संपत नव्हता. ऊन डोक्यावर मी म्हणत होतं. ती मनातल्या मनात एकच म्हणत होती, दार उघडं असू दे, दार उघडं असू दे, आज उकडतंय, आज तरी आईनं दार उघडं टाकलेलं असू दे.

दार बंद होतं. खिडकीही बंद होती. वाऱ्यानं राख उडते आणि टिकडी नीट वळत नाही, म्हणून अंजनाबाई हे काम नेहमी वाऱ्याची वाट बंद करून करायच्या.

मायानं दारावर दोन्ही हातांनी धडका मारल्या. "आई! दार उघड! आई!"

"आले आले. आग लागली का काय गं?"

कडी निघाली. आतला उकाडा मायाच्या तोंडावर आला. पत्र्याखाली अंधार, चुलीत लाल निखारे, तव्यावर करड्या टिकड्या ओळीनं मांडलेल्या. पाट्यावर राखेत चकाकणारे बारीक थेंब. आणि आईच्या कडेवर अक्षता. रडून रडून थकलेली, घामानं चिंब, केस कपाळाला चिकटलेले. म्हणजे इतका वेळ ती मांडीवरच होती. चुलीपुढं.

मायानं पोरीला हिसकावूनच घेतलं. आजीच्या गळ्यातली पोत पोरीच्या मुठीत अडकली आणि तुटली. पोर किंचाळली. अंजनाबाई घाबरून तिला पुन्हा घ्यायला पुढं झाल्या, तशी माया जिवाच्या आकांतानं ओरडली, "शिवू नकोस! शिवू नकोस तिला!"

अंजनाबाईंचे हात हवेत तसेच राहिले.

रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतं. पण त्या वस्तीत हा शब्द रागातसुद्धा कुणी उच्चारत नाही. अंजनाबाईंनी तो लहानपणी विहिरीवर ऐकला होता, दुकानाच्या पायरीवर ऐकला होता, आणि तो पुन्हा ऐकायला लागू नये म्हणून उसाच्या फडात राबून पोरीला शिकवलं होतं. आणि टिकड्यांचा त्यांना एवढा अभिमान का होता? ज्या घरांत एकेकाळी त्यांच्या सासूला उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागलं, त्या घरांतल्या बायका आता "अंजनाबाई, आमच्या ज्वारीपुरत्या द्या की" म्हणून दारात येत होत्या. हे सगळं मायाला माहीत होतं. पण त्या घटकेला तिला पोरीशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

ती पोरीला घेऊन अंगणात पळाली. आई मागं राहिली. पेटती चूल टाकून कोण बाहेर येतं? त्यांनी निखाऱ्यांवर राख ओढली, तवा उतरवला, टिकड्या सुपात भरून झाकल्या, आणि मग दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं सांगशील का न्हाई?"

"तुझ्या टिकड्यांनी झालंय हे! त्या पाऱ्यानं! विष आहे ते आई, विष! हिला मांडीवर घेऊन तू विष शिजवत बसलीस!"

हरणाबाई कुडाशी येऊन उभी राहिली. आणखी दोघी-तिघी जमल्या. अंजनाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, मग लेकीकडं बघितलं.

"मी इष दीन व्हय गं माझ्या नातीला?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि तेही अगदी हळू.

तेवढ्यात ज्ञानू धापा टाकत आला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. त्यानं हायवेवर शिटा भरणारी एक वडापची जीप वस्तीच्या तोंडाशी आणून उभी केली होती. स्टँडवरच्या एसटीडी बूथमधून मायानं सांगलीला फोन लावला. "मिरजेला ये, मोठ्या दवाखान्यात. अक्षताला घेऊन चाललेय," एवढं सांगताना तिची बोबडी वळली आणि पुढचं ज्ञानूनं सांगितलं. माया पुढच्या सीटवर खिडकीशी बसली, पोरीचं तोंड वाऱ्याकडं करून. ज्ञानू मागं बसला. जीप हलताना मागच्या फळीवर आणखी कुणीतरी चढलं. तिनं वळून बघितलं तर आई होती. पायात चप्पल नव्हती. कुणी ये म्हणालं नव्हतं, कुणी नको म्हणालं नव्हतं.

कराड गेलं, पुढची गावं गेली. पोर कधी रडायची, कधी एकदम गप व्हायची. रडली की मायाला भीती वाटायची आणि गप झाली की त्याहून जास्त. ती सारखी तिच्या नाकापुढं बोट धरून बघत होती. तिच्या डोक्यात काय काय येत होतं! ज्ञानूला धरून बदडावं. लालासाहेब सरांच्या घरचा गहू अंगणात ओतावा. अहवालात काय लिहायचं? वस्तीत किती कोठ्या आहेत, कुणाकुणाच्या घरी तान्ही पोरं आहेत? एकदा ती ड्रायव्हरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "ते घर कोपरान् कोपरा झाडून पुसून निघाल्याशिवाय माझी पोर तिथं पाऊल ठेवणार नाही."

मागं अंजनाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, केस पिकलेल्या, घाई नसलेल्या. त्यांनी अक्षताचे हात उघडून बघितले, हिरड्या बघितल्या, पायावर उभी करून बघितली. मायानं टिकड्यांचं सगळं सांगितलं.

"वाचेल ना हो?"

"वाचेल. उभीही राहील, पण महिने लागतील. ह्याच्यावर औषध आहे. लघवी तपासायला मुंबईला पाठवू, तोवर थांबायचं नाही, आजच सुरू करू. तुम्ही आणखी महिनाभर घामोळं म्हणत बसला असता, तर मात्र मी काही सांगू शकले नसते."

माया भिंतीला टेकून खाली बसली आणि ढसाढसा रडली. महेंद्र आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. त्यानं पोरीला घेतलं, पोर बापाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. नर्स सलाईनची तयारी करायला लागली. सगळं आता ठिकाणावर येतंय असं वाटलं. माया पदरानं तोंड पुसून उठली.

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "टिकड्या करत कोण होतं?"

"माझी आई."

"किती दिवसांपासून?"

"दोनेक वर्षं. म्हणजे थोड्या थोड्या आधीपासूनच, पण..."

आता डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मांडीवरच्या बाळाला एवढं झालं. मग तव्यावर वाकून बसलेल्या बाईला किती झालं असेल? कुठं आहेत त्या?"

उंब्रजपासून मिरजेपर्यंत तिनं सगळ्या जगाची काळजी केली होती. पोरीची, वस्तीची, ओढ्यावरच्या जनावरांची, सरांच्या घरच्या गव्हाची. एका माणसाची सोडून.

"बाहेर आहे," ती कशीबशी म्हणाली.

व्हरांड्यात बाकावर कुणी नव्हतं. नळाशी नव्हतं. झाडाखाली नातेवाइकांची गर्दी होती, तिथं नव्हतं. माया एकेका लुगड्याकडं बघत फिरली. शेवटी फाटकावरच्या वॉचमननं सांगितलं, "ती अनवाणी म्हातारी? एष्टी स्टँड कुठं हाय म्हणून विचारत होती. लय वेळ झाला."

मायाला क्षणात कळलं की आई कुठं निघालीय आणि कशाला निघालीय. ते बंद घर. तो पाटा. सुपात झाकलेल्या टिकड्या, जमिनीच्या भेगांत शिरलेला पारा. आई दार लावून घेणार, राख उडू नये म्हणून, आणि हातांनी सगळं गोळा करणार. वस्तीत फोन नाही. कॉलेज बंद झालं असणार. ज्ञानू तर इथंच, औषधाच्या दुकानात. ती रिक्षात बसली आणि रिक्षावाल्याला काय सांगितलं हे तिलाच आठवलं नाही.

स्टँडवर उंब्रजवरून जाणारी सातारा गाडी फलाटाला लागली होती. इंजिन चालू, माणसं दारातून आत घुसत होती. माया कुणाचे पाय तुडवत, कुणाच्या पिशव्या ढकलत आत शिरली. मागच्या बाजूला खिडकीशी आई बसली होती. मांडीवर एक नवी केरसुणी.

मायाला बघितल्याबरोबर अंजनाबाईंनी हात पदराखाली घेतले. "पोरगी?"

"बरी होणार आहे. महेंद्र आहे तिच्यापाशी. आई, उतर."

"आगं बाई, बरं झालं." त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "मग मला जाऊ दे आता. झाडून काढते, पुसून काढते, कोपरा ठेवत न्हाई. सारवून घेते. मग आन् तिला. तवर मी तुमच्या आसपास फिरकत न्हाई बग."

"त्या घरात तू पाय ठेवायचा नाहीस."

अंजनाबाईंना भलतंच वाटलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "माझ्याच घरात?"

"अगं तसं नाही गं आई!" मायाचा आवाज फाटला. आजूबाजूची माणसं बघायला लागली. "तुला झालं असेल! तूच बसत होतीस ना तव्यावर? मी तुला एकदासुद्धा विचारलं नाही. मला सुचलंच नाही आई."

"मला काय व्हतंय? हाडं मुरलेली माझी."

माया शेजारी बसली आणि आईच्या पदराखाली हात घालून तिनं तिचे दोन्ही हात ओढून घेतले. अंजनाबाई सोडवायला बघत होत्या. "सोड. तुला पोरीला घ्यायचं हाय. सोड म्हन्ते न्हवं." मायानं सोडले नाहीत. गाडी जुनी होती, इंजिनाबरोबर सगळी थडथडत होती. खिडकीच्या काचा थडथडत होत्या, पुढच्या सीटचा दांडा थडथडत होता, केरसुणीचं टोक थडथडत होतं, आणि मायाच्या हातात आईचे हात थडथडत होते.

"मावशी, उतरायचंय का बसायचंय? तिकीट फाडू का?" कंडक्टरनं विचारलं.

तेवढ्यात पुढून ड्रायव्हर ओरडला, "थांबा वो जरा, च्या घेऊन येतो," आणि त्यानं इंजिन बंद केलं.

काचा थांबल्या. दांडा थांबला. गाडीत एकदम माणसांचं बोलणं ऐकू यायला लागलं. अंजनाबाईंनी लेकीच्या हातातल्या आपल्या हातांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान वर केली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा मायाला आईच्या डोळ्यांत स्वतःपुरती भीती दिसली.

"माये," त्या म्हणाल्या, "गाडी तर बंद झाली. ह्ये थांबत का न्हाईत गं?"